किल्ली आणि कुंड्या
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. गेल्या मे महिन्यात शेजारच्या बाई १५ दिवस गावी गेल्या. "कुंड्यांना पाणी घाल रे," म्हणत त्यांनी घराची किल्ली माझ्या हाती दिली. आमच्या कोरडवाहू गावात झाड मरते ते पाण्यावाचूनच. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. आठवड्यात मनीप्लांट पिवळा पडला. मी आणखी पाणी घातले!

कॉलेजच्या माळीकाकांनी चूक दाखवली. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत सतत पाणी राहिले, की मुळे गुदमरून कुजतात आणि ओल्या मातीतही झाड सुकते. म्हणून आधी पेरभर बोट मातीत घालावे. माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. कुंडीचे भोक मोकळे ठेवावे, बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. उन्हातली तुळस मात्र लवकर कोरडी पडते. तिला रोज पाहावे.

बाई परतल्यावर मी सारे खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. हिरवी उरलेली एक फांदी पेराखाली कापून त्यांनी पाण्याच्या बाटलीत ठेवली. आता तिला मुळे फुटली आहेत. दिवाळीत बाई पुन्हा गावी जाणार आहेत आणि किल्ली माझ्याकडेच देणार आहेत.