‘शासनमान्य’ म्हणजे ‘शासकीय’ नव्हे

‘‘सरकारी वाचनालय ना तुमचं? मग वर्गणी कसली मागता?’’ तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही ग्रंथपालाला हा प्रश्न नवा नाही. फलकावर ‘शासनमान्य’ लिहिलेलं असतं, येणारा ते ‘शासकीय’ असं वाचतो, आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रात अनुदान घेणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. ती बहुतेक सगळी लोकांनी काढलेल्या नोंदणीकृत संस्था चालवतात. सरकारची स्वतःची म्हणावीत अशी ग्रंथालयं मूठभर: राज्य मध्यवर्ती, विभागीय आणि जिल्ह्याची. रीत जुनीच आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. राज्याचा ग्रंथालय कायदा मात्र 1967 चा. वाचनालयं आधी आली, सरकार मागाहून मदतीला आलं.

‘अनुदान मिळतं, मग पैशाला काय तोटा?’ हा दुसरा समज. अनुदानाचं गणित एकदा कागदावर मांडून पाहावं. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि जिल्हा, तालुका व इतर असे स्तर. मान्य खर्चाच्या 90 टक्के रक्कम मिळते, तीही वर्गाला ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच. उरलेले 10 टक्के संस्थेने उभे करायचे. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली. जिल्हा ‘अ’ वर्गाचे 7 लाख 20 हजारांचे 11 लाख 52 हजार झाले आणि तळाच्या ‘ड’ वर्गाचे 30 हजारांचे 48 हजार. हे आकडे महिन्याचे नव्हेत, वर्षाचे. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी धरला, तर ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाच्या हातावर त्या दराने महिन्याला दोन हजार रुपये पडतात. वाढीनंतरचे! उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, जागेचं भाडं, आणि वाळवी लागली तर तिचाही बंदोबस्त. वर्गणी कसली, याचं उत्तर यातच आहे.

काहींना वाटतं, वाचनालयासाठी आपल्या घरपट्टीतून काहीतरी कापलं जातं. तमिळनाडूत खरोखर कापलं जातं. मद्रासच्या 1948 च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला; कर्नाटक आणि केरळ यांनीही पुढे तीच वाट धरली. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. ग्रंथालय निधीत सरकारने दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत, एवढंच त्यात म्हटलं होतं. आजचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे, पण तो अर्थसंकल्पातून होतो. म्हणजे हक्काचं, ठरलेलं उत्पन्न असं काही नाही. मला स्वतःला उपकर बरा वाटतो. घरपट्टीच्या पावतीवर वाचनालयाची ओळ दिसली की माणूस निदान जाब तरी विचारतो.

केंद्राकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी थोडक्यात: राज्यघटनेनुसार राज्याच्या ताब्यातली वा राज्याने अर्थसाह्य दिलेली ग्रंथालयं हा राज्यसूचीतला विषय आहे. केंद्राचं कोलकात्यातलं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून पुस्तकं आणि इतर साह्य पुरवतं, पण मुख्य भार राज्याचाच.

आणि वर्गणी न भरणाऱ्याला दार बंद, हेही खरं नाही. वर्गणी आणि अनामत असते ती पुस्तक घरी नेण्यासाठी. वाचनकक्षात बसून वर्तमानपत्र, मासिक चाळायला पैसे पडत नाहीत. वाचनकक्ष आता हवाच कशाला, असं वाटत असेल तर स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरलेल्या आणि एका खोलीत पाच माणसांबरोबर राहणाऱ्या मुलीला ‘आता सगळं मोबाइलवर मिळतं’ असं सांगून पाहा. तिला माहितीइतकीच खुर्ची, पंखा आणि शांतता हवी असते.

सगळ्यात न दिसणारा गैरसमज शेवटी. अनुदान आहे म्हणजे वाचनालय सगळ्यांपर्यंत पोचलं, असं आपण धरून चालतो. राज्यात 27 हजारांहून जास्त ग्रामपंचायती आहेत. वर दिलेला ग्रंथालयांचा आकडा शेजारी ठेवून पाहा. त्यातून ही ग्रंथालयं सारखी वाटलेलीही नाहीत. अनुदान मिळतं ते आधीच उभ्या असलेल्या संस्थेला. ज्या गावात चार हौशी शिक्षक होते, एखादं मंडळ होतं, तिथे वाचनालय झालं. जिथे कुणीच पुढे आलं नाही, तिथून अर्जही गेला नाही, आणि न आलेल्या अर्जाची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नाही.