रानातलं मशरूम विषारी नाही, तरी त्यात पारा कसा?

पावसाळ्यात गोव्यात वारुळावरची अळंबी चढ्या भावाने विकली जाते. युरोपात हाच मान पोर्चिनीला मिळतो. रानातलं मशरूम म्हटलं की आपण आधी विचारतो, विषारी तर नाही ना? पण खाण्याजोग्या मशरूममध्येही पारा असू शकतो.

पारा येतो कुठून?

आपल्याला दिसते ती फक्त छत्री. मशरूमचं खरं शरीर म्हणजे मातीखालचं तंतूंचं जाळं. हे तंतू माती आणि कुजलेल्या पाल्यातून अन्न शोषतात, सोबत पाराही. पोर्चिनीसारख्या काही जातींमध्ये तो जास्त साठतो.

स्लोव्हेनियातल्या इद्रियामध्ये सुमारे 500 वर्षं पाऱ्याची खाण चालली. खनिज भाजताना निघालेली पाऱ्याची वाफ आसपासच्या जमिनीवर बसली. खाण बंद झाली, पारा मातीतच राहिला. खाणीपासून लांबची जंगलंही पूर्ण सुटत नाहीत. कोळसा जळताना हवेत गेलेला पारा दूरवर पसरतो आणि पानांवाटे जमिनीत उतरतो.

किती खाल्लं तर चालतं?

मशरूममधला बहुतेक पारा असेंद्रिय प्रकारचा असतो. तो सतत पोटात गेला तर मूत्रपिंडांना धोका असतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2012 मध्ये त्याची आठवड्याची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीसाठी 240.

समजा, एका मशरूममध्ये किलोमागे 1 मिलिग्रॅम पारा आहे. असं 250 ग्रॅम ताजं मशरूम खाल्लं की 250 मायक्रोग्रॅम पोटात जातात. 15 किलोच्या मुलाची मर्यादा 60 ग्रॅममध्येच संपते. एकदा मर्यादा ओलांडली म्हणजे लगेच विषबाधा होते, असं नाही. धोका दर आठवड्याला खाण्यात आहे.

धुतल्याने, शिजवल्याने जातो का?

नाही. पारा मशरूमच्या आत असतो, धुऊन किंवा उकळून त्यावर भरवसा ठेवता येत नाही. ताज्या मशरूममध्ये सुमारे 90 टक्के पाणी असतं, त्यामुळे 25 ग्रॅम सुकं मशरूम म्हणजे जवळपास 250 ग्रॅम ताजं.

मग काय करायचं?

- खाण, कारखाना किंवा मोठ्या रस्त्याजवळचं मशरूम टाळा.
- रानातलं मशरूम रोजची भाजी म्हणून नको, अधूनमधून खा.
- गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना शक्यतो देऊ नका.
- बाजारातलं बटण मशरूम लागवडीचं असतं. त्यात पारा सहसा खूपच कमी असतो.

विकणाऱ्याला मशरूमची जात विचारताच, आता ते कुठल्या जागेवरून आणलं हेही विचारा.