पडदा टाका, मग बोला

हार्मन कंपनीने कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजला स्पीकर ऐकण्यासाठी एक खास खोली बांधली. समोर काळा पडदा. आवाज आरपार येतो, दिसत मात्र काही नाही. पडद्यामागे हवेच्या दाबावर चालणारं यंत्र एक स्पीकर बाजूला करतं आणि दुसरा नेमका त्याच जागी आणतं, तेही तीनेक सेकंदांत. जागेचा एवढा हट्ट अशासाठी की स्पीकर हातभर सरकला तरी बास बदलतो. आणि घाई अशासाठी की आवाजातले बारकावे कानात फार वेळ टिकत नाहीत.

त्याआधी पातळी जुळवायची. दोनांतला एक किंचित मोठा वाजला की ऐकणारा ‘हा जास्त मोकळा वाटतो’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर तपासताना मल्टिमीटर लावून ०.१ डेसिबलपर्यंत मेळ घालतात. २.८३ व्होल्टवर हा फरक जेमतेम ०.०३ व्होल्ट! नॉब अंदाजाने फिरवून घरी केलेल्या बहुतेक तुलना इथेच बाद होतात.

हा खटाटोप कशाला, ते फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांच्या १९९४ च्या प्रयोगात दिसलं. हार्मनच्याच ४० कर्मचाऱ्यांनी तेच चार स्पीकर पडद्याआड ऐकले आणि उघड्यावरही. उघड्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले, छोट्या स्वस्त संचाचे घसरले. खरी गंमत पुढे आहे. पडद्याआड स्पीकरची जागा बदलली की गुणही बदलत. स्पीकर डोळ्यांसमोर असला की कान तिकडे फारसं लक्षच देईनात.

वाद हाय-रेझोल्यूशनवर, म्हणजे सीडीहून सरस म्हणवणाऱ्या आवाजावर आला की एबीएक्स चाचणी लागते. ए आणि बी माहीत असतात. एक्स त्यांतला कोणता, ते ओळखायचं. निवड यंत्र करतं, चाचणी घेणाऱ्यालाही ती ठाऊक नसते. १६ पैकी १२ उत्तरं बरोबर आली, तर ती निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज सीडीच्या १६ बिटांतून नेऊन फरक ओळखायला सांगितला. ५५४ प्रयत्न, २७६ बरोबर. छापा-काटा केला असता तरी एवढेच आले असते.

‘चाचणीचं दडपण येतं, घरी निवांत ऐकल्यावरच फरक कळतो,’ ही त्यावरची ठरलेली तक्रार. ती अगदीच फेटाळण्याजोगी नाही; पण एबीएक्सची पेटी घरी नेऊन महिनाभर ऐकायला कोणाची ना नाही. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ अभ्यास एकत्र केले, तेव्हा हाय-रेझोल्यूशन ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. सराव दिलेल्या कानांचं साठ टक्क्यांच्या आसपास. शौकीन यात ‘फरक आहे’ वाचतात, शंकेखोर विचारतात, ‘एवढासाच?’