पारध्यांचा आमदार कुठून येणार?

ब्रिटिशांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पारध्यांसारख्या जमातींच्या जन्मालाच गुन्हा ठरवलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला. संशय मात्र गेला नाही. गावात चोरी झाली, की आधी बोट दाखवलं जातं ते पारध्यांच्या पालांकडे. हा अन्यायच आहे.

पण तो विधानसभेत मांडणारा पारध्यांचा आमदार येणार कुठून? बीड जिल्ह्यात विधानसभेचे सहा मतदारसंघ. केज अनुसूचित जातींसाठी राखीव. पारधी अनुसूचित जमातीत येतात, पण त्या जमातींसाठी इथे एकही जागा नाही. कारण अशा जागा त्यांची वस्ती दाट असलेल्या भागांतच राखल्या जातात आणि पारधी विखुरलेले.

पण विखुरलेल्यांनाही प्रतिनिधी देता येतो. न्यूझीलंडमध्ये 1867 पासून तिथल्या मूळ रहिवासी माओरींचे स्वतंत्र मतदारसंघ आहेत. आज ते सात आहेत आणि मिळून सारा देश व्यापतात; त्यामुळे माओरी यादीत नाव असलेला मतदार कुठेही राहो, त्याचं मत माओरी मतदारसंघातच मोजलं जातं.