आगळाची बाटली केवढी हवी?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोकमाचं आगळ दारूच्या जुन्या, धुतलेल्या बाटल्यांतून मिळतं. गिऱ्हाईक बाटली उचलतं, उजेडाकडे धरतं, जरा कलती करून तळाचा गाळ बघतं. कुणी तळहातावर थेंब घेऊन चाखतं. लेबल नसतंच, आणि ते कुणी विचारतही नाही. चोपड्याच्या बचतगटातल्या बायका बाजूला उभ्या राहून हे सगळं न्याहाळत होत्या. स्वतःच्या बाटल्या विकायला आणण्याआधी त्यांना गिऱ्हाईक पाहून घ्यायचं होतं, आणि मी त्यांच्यासोबत होते.

मालाची त्यांना चिंता नव्हती. एप्रिल-मेमध्ये भिन्नां, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात आणि जाडं मीठ शेजारच्या आगरवाड्याच्या मिठागरांतून येतं. विकत घेणार कोण, एवढंच ठरत नव्हतं.

वाड्यावर चव दाखवली, तर प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं, "बरां आसा गो." शेजारणीला तोंडावर नको कोण म्हणेल? मग गटातल्या थोरल्या वहिनींनी प्रश्नच बदलला. "गेल्या पावसात तुझं आगळ कधी संपलं? मग काय केलंस?" आता खरं बाहेर यायला लागलं. एकीला सिंधुदुर्गातल्या माहेराहून बाटली येते. दुसरी सोलां, म्हणजे वाळवलेली कोकमं, भिजत घालून भागवते. तिसऱ्या घरी नवरा-बायको दोघंही मोपा विमानतळावर कामाला जातात. 2023 च्या जानेवारीत तिथून विमानं सुरू झाली, तेव्हापासून मे महिन्यात अंगणात वाळवण राखायला त्यांच्या घरी कुणी नसतं. आगळ त्यांना रोज लागतं आणि ते विकत घ्यावं लागतं. पुढे काय घेणार, हे माणूस भिडेपोटी काहीही सांगतो. मागे काय घेतलं, ते मात्र त्याला नीट आठवतं.

वाड्याबाहेर विचारलं, तर मोरजीच्या एका रेस्टॉरंटला कॅन हवा होता, वर्षभर एकाच भावाने आणि उधारीवर. पर्यटकांच्या दुकानाला हवी होती बॅगेत न सांडणारी छोटी बाटली, वर कमिशन वेगळं.

संध्याकाळी वहीत हिशेब मांडला. भिन्नां, मीठ, बाटली, बूच, अन्न परवान्याचा क्रमांक छापलेलं लेबल, म्हापशाचं बसभाडं असं सगळं त्यात आलं. स्वतःच्या मजुरीचा रकाना मात्र कोराच होता. मला तो फार लागला. फळं फोडायची, रस गाळायचा, गाळ बसू द्यायचा, बाटल्या उकळायच्या, हे सगळं त्यांच्याच हातचं काम. तो रकाना भरून घेतला तेव्हा बाटलीची किंमत चढली आणि छोटी बाटली परवडेनाशी झाली.

शेवटी अर्ध्या लिटरची काचेची बाटली ठरली. पहिला घाणा थोडाच काढायचा आणि नोकरदार घरांना पूर्ण पैसे घेऊनच द्यायचा. फुकटच्या बाटलीला सगळेच चांगलं म्हणतात. चवथीआधी दुसरी बाटली कुणी मागितली, त्याची नोंद वहिनी ठेवणार आहेत. मोरजीच्या रेस्टॉरंटला तोवर थांबायला सांगितलं आहे.