झोळीचा झोल

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ, राळेगाव, पांढरकवडा या बाजूच्या कोणत्याही शिवारात गेलो, तर धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा कडुनिंबाला लुगड्याची झोळी टांगलेली दिसते. आई पऱ्हाटीच्या ओळीत, मूल झोळीत. पण धुऱ्यावर झाड असेलच असे नाही. असले तरी त्याची सावली सूर्याबरोबर सरकते, आणि वेचणी पुढे गेली की आईचे कान झोळीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून उचलून नेता येईल असा, ताडपत्रीची सावली धरणारा झोळीचा सांगाडा घरच्या घरी कसा करावा, हे या लेखात पाहू. आठवी-नववीच्या मुलांकडून शाळेच्या आवारात तो सहज करून घेता येतो, आणि करताना बलांचा अख्खा धडा शिकवून होतो.

पहिला विचार मनात येतो तो दोन खांब पुरून त्यांना झोळी बांधण्याचा. आपल्या काळ्या मातीत हा विचार फसतो. ही माती ओली झाली की फुगून मऊ होते, वाळली की भेगाळते. दोन्ही अवस्थांत खुंटी सैल पडते. शिवाय झोळी खांबांना नुसती खाली ओढत नाही, आतल्या बाजूलाही ओढते. किती ओढते, ते आधी मोजून घेऊ.

प्रयोगशाळेतले दोन ताणकाटे घ्या. दोन खिळ्यांना ते अडकवा, दोन्हींमध्ये दोरी बांधा आणि दोरीच्या मधोमध एक किलोचे वजन टांगा. दोरी चांगली सैल असेल तर प्रत्येक काटा अर्ध्या किलोहून थोडे जास्त दाखवतो. आता दोरी हळूहळू आखडत न्या. वजन तेच आहे, पण काट्यांचे आकडे वाढत जातात. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते तेव्हा प्रत्येक काटा एक किलो दाखवतो. १५ अंशांना जवळजवळ दोन किलो, १० अंशांना २.९ किलो, आणि ५ अंशांना ५.७ किलो! हे पाहून मुले हमखास विचारतात, की हे जादा वजन आले कुठून? उत्तर सोपे आहे. वजनाला वर उचलून धरण्याचे काम दोरीच्या ताणाचा उभा भागच करतो. दोरी जितकी आडवी, तितका हा उभा भाग लहान. मग तेवढेच वजन पेलायला एकूण ताण मोठा लागतो. उरलेला आडवा भाग खांबांना एकमेकांकडे खेचत राहतो.

त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलांसाठी हेच मोजपट्टीने काढता येते. टांगणीच्या बिंदूपासून मध्यापर्यंतची एका बाजूची दोरी मोजा. तिला झोलाच्या दुपटीने भागा. येणाऱ्या संख्येने भाराला गुणले की एका बाजूचा ताण मिळतो. बाजू एक मीटर आणि झोल अर्धा मीटर असेल तर ताण भाराइतका. झोल दहा सेंटिमीटर असेल तर भाराच्या पाचपट. झोळी ताठ बांधली की मजबूत होते, हा समज किती उलटा आहे ते इथे कळते.

आता सांगाडा. लागतात दोन-दोन मीटरचे सहा बांबू, एक तीन मीटरचा आडवा बांबू, सुताची किंवा काथ्याची दोरी आणि ताडपत्री. आपल्याकडचा मानवेल या कामाला उत्तम. तो जवळजवळ भरीव असतो. कटांग जाड, पण पोकळ. बांबू हिवाळ्यात तोडलेला असावा, नाहीतर त्यातल्या पिठूळ द्रव्यासाठी भुंगेरे लागतात आणि वरून धडधाकट दिसणारा बांबू आतून भुसा झालेला असतो. (कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होते. २०१७ साली जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. वनस्पतिशास्त्राच्या तासाला तो गवत आहे असे आपण त्याआधीही शिकवतच होतो.)

तीन बांबू शेजारी ठेवा. टोकापासून वीतभर खाली दोरी वर-खाली विणत चार-पाच वेढे द्या, मग बांबूंमधून दोन उभे वेढे देऊन आवळा. पाय फाकवले की वेढे आपोआप घट्ट होतात. अशा दोन तिकाट्या करा. पायांतले अंतर सुमारे एक मीटर ठेवले तर बेचके एक मीटर सत्तर सेंटिमीटर उंचीवर येते. तीन पायच का? ढेकळांच्या जमिनीत चार पायांचे काहीही डुगडुगते, तीन पायांचे कधीच नाही, कारण कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात बसतातच. भार आला की पाय मात्र बाहेर सरकू पाहतात. म्हणून तिन्ही पायांना जमिनीलगत दोरीचा फेरा बांधा. हा फेरा विसरला तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

दोन्ही बेचक्यांत आडवा बांबू ठेवून पक्का बांधा आणि झोळीची दोन टोके तिकाट्यांच्या अगदी जवळ, बांबूच्या पेराला अडवून बांधा. सगळी खुबी या आडव्या बांबूत आहे. दोन्ही दोऱ्यांचा आतला ओढा तो स्वतः दाबून घेतो; जमिनीपर्यंत ती ओढ पोचतच नाही. तिकाट्यांकडे जातो तो फक्त सरळ खाली जाणारा भार. म्हणून खुंट्या न ठोकताही सांगाडा उभा राहतो. बांबूला टोकांकडून दाबणे सोसते, मध्ये वाकवणे तितके सोसत नाही. झोळीची दोन्ही टोके एकत्र करून मधोमध टांगण्याचा मोह म्हणूनच टाळायचा.

टांगण्यांतले अंतर २.६ मीटर आणि झोल १.२ मीटर ठेवला, तर झोळीचा तळ जमिनीपासून दीड फुटावर येतो आणि प्रत्येक बाजूचा ताण भाराच्या पाऊणपट राहतो. दहा किलोच्या मुलासाठी हे काहीच नाही. पण थकलेली पन्नास किलोची आई कधीतरी झोळीत टेकणारच. तेव्हा ताण सदतीस किलोंच्या आसपास जातो. झोळी ताठ बांधून झोल फक्त तेरा सेंटिमीटर ठेवला असता, तर हाच ताण अडीचशे किलो झाला असता. पहिल्या वापराआधी रेतीचे पोते घालून पाहा, मग मूल.

ताडपत्री त्याच आडव्या बांबूवरून दोन्हीकडे उतरती सोडायची, पण तिचे दोर वेगळ्या खुंट्यांना बांधायचे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात सहा चौरस मीटर ताडपत्रीवर, वारा समोरून आला तर, साधारण सदतीस किलोंचा जोर येतो. वेग दुप्पट झाला की चौपट. अवकाळीचे वारे सुटले की ताडपत्री आधी सोडावी. ढग गडगडला तर मुलाला घेऊन पक्क्या घरात जावे. एकट्या झाडाखाली नाही, आणि या सांगाड्याखालीही नाही.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा ताडपत्री स्वतः तापून खाली उष्णता फेकते. तिच्यावर तुराट्या किंवा पळसाच्या डहाळ्यांचा थर, मध्ये हवेची फट ठेवून, घातला तर फरक पडतो. उघड्या ताडपत्रीखाली एक आणि थराखाली एक तापमापक टांगून मुलांना नोंदी घेऊ द्या. झोळीचे तोंड मात्र कापडाने पूर्ण झाकू नये. दोन्ही कडांमध्ये आडवी काठी घातली की कापड मुलाच्या तोंडावर येत नाही आणि वारा खेळतो. फवारलेल्या पऱ्हाट्या आणि औषधांजवळ ठेवलेली ताडपत्री किंवा पोती इथे अजिबात नकोत. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

उरलेल्या वेळात झोळीला हलका झोका द्या आणि दहा झोके मोजा. बावीस सेकंद लागतील. आत एक वीट असो वा चार, वेळ तोच येतो. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग मोजू द्या.