एकच खेळ, तीन किमती

शिकागोजवळच्या स्टर्न पिनबॉल कंपनीचं ‘जुरासिक पार्क’ हे पिनबॉलचं यंत्र 2019 मध्ये प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड एडिशन अशा तीन आवृत्त्यांत आलं. तिन्हींची आखणी कीथ एल्विन यांचीच, मुख्य रॅम्प तेच, चेंडू परत मारणारे फ्लिपरही त्याच जागी. फरक दिसतो तो टी-रेक्समध्ये. प्रीमियममधला टी-रेक्स मान खाली घालतो, पोलादी चेंडू जबड्यात धरून वर उचलतो आणि पुन्हा खेळात भिरकावतो. चेंडू कुठल्या बाजूने खाली येणार याचा अंदाज घेत खेळाडूच्या दोन्ही हातांची बोटं बटणांवर तयार. प्रोमधला डायनोसॉर चेंडू पकडत नाही. लिमिटेडमधला पकडतो, पण प्रीमियमपेक्षा वेगळं काहीच करत नाही. मग लिमिटेडचे वरचे पैसे कशाचे? मागच्या उभ्या पेटीवरची आरशासारखी चमकणारी बॅकग्लास, वेगळी चित्रं, खेळावरची कमी चकाकणारी काच आणि क्रमांक कोरलेली पट्टी, यांचे. अशी फक्त 500 यंत्रं निघाली.

किमतीच्या या पायऱ्यांचं गणित त्याच कंपनीच्या 2024 च्या ‘जॉज’वरून नीट कळतं. प्रो 6,999 डॉलर, प्रीमियम 9,699 आणि लिमिटेड 12,999. पहिली पायरी 2,700 डॉलरची, दुसरी 3,300 ची. खेळ बदलणाऱ्या यंत्रणेपेक्षा नटवण्याचा आणि मर्यादित संख्येचा भाव जास्त! पहिल्या पायरीवरचे पैसे मला पटतात. दुसऱ्या पायरीवर गिऱ्हाईक मुख्यतः दुर्मिळतेचं आश्वासन विकत घेतं, आणि ते किती पाळायचं हे कंपनीच्या हातात असतं.

पूर्वी असं नव्हतं. खिळे ठोकलेल्या पाटावर गोळ्या सोडायचा बॅगेटेल आपल्याकडेही सुट्टीत अनेक घरांत निघायचा. पिनबॉल त्याच घराण्यातला. माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी 1871 च्या अमेरिकन पेटंटात त्याला स्प्रिंगचा दांडा दिला आणि 1947 च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात फ्लिपर आले. न्यूयॉर्कने 1942 मध्ये पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली. ती उठली 1976 मध्ये, खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेसमोर चेंडू कुठे जाणार ते आधी सांगून, तिथेच मारून दाखवल्यावर. या सगळ्या काळात यंत्राचं मुख्य गिऱ्हाईक होता तो बार आणि आर्केड चालवणारा धंदेवाला. त्याला नाणी जमवणारं, कमी बिघडणारं यंत्र हवं असायचं. पॅट लॉलर आणि लॅरी डिमार यांचं 1992 चं ‘ॲडम्स फॅमिली’ 20,270 इतकं खपलं, ते याच बाजारात. त्याची 1,000 यंत्रांची सोनेरी विशेष आवृत्ती 1994 मध्ये निघाली, पण तेव्हा तो अपवाद होता.

मग घरोघरी व्हिडिओ गेम आले, आर्केड ओस पडले. विल्यम्स कंपनीने ऑक्टोबर 1999 मध्ये पिनबॉल बनवणं बंद केलं आणि पुढची बरीच वर्षं गॅरी स्टर्न यांची कंपनी या क्षेत्रात जवळपास एकटी उरली. गिऱ्हाईक हळूहळू बारमधून घराच्या तळघरात गेलं. लहानपणी नाणी टाकून खेळलेला माणूस आता कमावता झाला होता, त्याला यंत्र घरी हवं होतं. 2012 च्या ‘एसी/डीसी’मध्ये प्रो, प्रीमियम, लिमिटेड ही उतरंड दिसते, ती या बदलातून आलेली. धंदेवाल्याला प्रो, घरच्या खेळाडूला प्रीमियम, संग्राहकाला लिमिटेड. जर्सी जॅक पिनबॉलसारख्या नव्या कंपन्यांनीही अशाच पायऱ्या बांधल्या.

प्रो म्हणजे गरिबाची आवृत्ती, हा समज मात्र चुकीचा आहे. हलणारे भाग कमी म्हणून चेंडू कमी अडतो आणि खेळाला वेग येतो. दुरुस्तीही सोपी. स्पर्धेत उतरणाऱ्यांमध्ये मुद्दाम प्रो निवडणारे भेटतात.

गिऱ्हाइकाची खरी परीक्षा असते नवं यंत्र जाहीर होतं त्या दिवशी. विस्कॉन्सिनमधल्या स्पूकी पिनबॉलचं ‘रिक अँड मॉर्टी’ 750 यंत्रांचं होतं आणि ती काही तासांत संपली. खरेदीदारांपैकी फारच थोड्यांनी तोवर त्यावर चेंडू मारला असेल. शिवाय आजची यंत्रं सॉफ्टवेअरवर चालतात आणि पुष्कळदा अर्धवट नियमांनिशी बाहेर पडतात. उरलेला खेळ पुढच्या महिन्यांत अपडेटमधून येतो. आगाऊ पैशांची जोखीम वेगळीच. जर्सी जॅकचं ‘विझर्ड ऑफ ऑझ’ 2011 मध्ये जाहीर झालं आणि 2013 मध्ये घरी पोचलं, म्हणजे उशिरा का होईना, पोचलं तरी. ब्रिटनची हायवे पिनबॉल 2018 मध्ये बुडाली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्या अनेकांच्या हाती काहीच आलं नाही.

आणि ती दुर्मिळता? ब्रायन एडी यांचं 1997 चं ‘मिडीव्हल मॅडनेस’ 4,016 इतकंच निघालं होतं. जुन्या यंत्राचा भाव दहा हजार डॉलरपलीकडे गेला. मग शिकागो गेमिंग कंपनीने ते 2015 मध्ये नव्याने बनवलं, सुमारे आठ हजार डॉलरला. ज्याला फक्त खेळायचं होतं त्याचं भलं झालं. ‘जुरासिक पार्क’चीही 2023 मध्ये तिसाव्या वर्षाची विशेष आवृत्ती निघाली. 2021 च्या ‘गॉडझिला’ची 1,000 लिमिटेड यंत्रं संपल्यावर 2024 मध्ये सत्तराव्या वर्षाची आवृत्ती आली. जुन्या पट्टीवरचा क्रमांक खोटा ठरला नाही, पण त्याचं एकटेपण गेलं.

कोविडच्या काळात घरी अडकलेल्या लोकांनी भाव चढवले, नंतर पुनर्विक्रीचा बाजार थंडावला. 2025 मध्ये ‘किंग काँग’च्या लिमिटेडची संख्या स्टर्नने 750 वर आणली. संख्या घटवली की टंचाई वाढते, पण चेंडूचा एकही नवा मार्ग त्यातून तयार होत नाही. म्हणून जवळच्या बारमध्ये प्रो आल्यावर त्यावर मनसोक्त खेळावं, नियम पक्के होईपर्यंत थांबावं आणि मग प्रीमियममधल्या जास्तीच्या यंत्रणेसाठी 2,700 डॉलर मोजायचे की नाही ते ठरवावं. प्रीमियमची संख्या मर्यादित नसते, त्यामुळे थांबणाऱ्याचं सहसा काही बिघडत नाही.